चार पत्ते

किक आणि गिअर एकाच दांड्यात असायचे.
दांडा आत दाबायचा, उलटा वर न्यायचा,
आणि त्याच्यावर सगळं अंग टाकायचं.
ज्यानं उठवायची त्यानंच हाकायची.

येझदी, अडीचशे सीसी, एकोणऐंशीची.
मी घेतली तेव्हा टाकीवर दुधाचा हिशेब होता, खडूनं.
मलिनाथ हत्तुरेनं बावीसशे मोजून घेतले,
वर म्हणाला, "शर्यतीला? ही?
हिला डेअरी ते घर एवढंच ठावं हाय की बे."

भवानी पेठेत अंबादास येमूलच्या बोळात
आम्ही तिला सोलली.
हेडलाइट गेला. मडगार्ड वीतभर वर चढलं.
सायलेन्सर असा वळवला
की उजव्या पोटरीवर अजून डाग आहे.
पुढचे शॉक एका मेलेल्या राजदूतचे.
गाठींचे टायर पुण्याला मिळत, आमच्याकडे भाडं नव्हतं;
तापल्या पातीनं खाचा पाडल्या,
एका बाजूला ब्याण्णव,
दुसऱ्या बाजूला मोजायचा कंटाळा आला.

अंबादास दिवसा मागावर, रात्री इंजिनात.
पुसायला फडकं नसे, सुताचा गुंता असे कारखान्यातला,
म्हणून आमच्या हातावरचं तेल
कधी मेंदी असे, कधी जांभळं.
कार्ब्युरेटरच्या जेटात त्यानं तार कधी घातली नाही.
"तार भोक मोठं करतंय."
तो सूत ओवायचा, थुंकी लावून,
एक डोळा मिटून, जीभ बाहेर.
पॉइंटची फट नरसव्वाच्या बिडीच्या पासबुकानं मोजायचा:
पुठ्ठा गेला पाहिजे, पुठ्ठ्यासकट पान नाही.
ती आतून विचारायची, "काय करलालाव, माझं पुस्तक कुठंय?"

शर्यत रविवारी, होटगी रोडच्या माळावर. मे महिना.
शनिवारी रात्री अकराला
सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट फाटलं.
दुकानं बंद.
अंबादास सायकलवर गेला, तासानं आला,
सदऱ्यात जेकार्डचे चार पत्ते.
"मोराच्या मानेचे हायत. सोमवारी दुसरे पाडून लावतो."
भोकावर भोक येऊ दिलं नाही,
थर उलटे ठेवले, मधे लाख,
आणि कंदिलाशी धरून पाहिलं:
उजेड कुठूनच आला नाही.

मी सातवा आलो.
अकरा नावं होती; एकाची चेन तुटली,
दोघं पहिल्या वळणावर एकमेकांत गेले,
आणि एकाला पोलिसात नोकरी लागली होती, तो आलाच नाही.
काळी माती दातांत, कानांत, बनियनच्या आत.
अंबादासनं मला नाही, सिलिंडरला हात लावून पाहिला
आणि म्हणाला, "गळली नाय."

चार पत्ते म्हणजे कापडात चार धागे.
सोमवारी पाळी त्याच्याआधी सुरू झाली.
बत्तीस चादरींवर मोराच्या मानेत
एक बारीक पायरी आली, भिंगाशिवाय दिसत नाही.
मालकाकडं भिंग होतं.
बत्तीसही त्याच्या पगारात घातल्या.
मला हे नरसव्वानं सांगितलं, दोन वर्षांनी,
बिड्या मोजता मोजता, मान वर न करता.
एक चादर मला दिली. धुण्यात मऊ झालीय.
बोट फिरवलं की पायरी अजून लागते.

परवा बंगळूरहून एक मुलगा आला,
त्याच्याकडं अशा एकवीस गाड्या आहेत म्हणे.
माझ्या दारात त्यानं इंजिन उघडलं, हातमोजे घालून.
"सर, हे काय लावलंय?"
तेलानं काळा, फुगलेला पुठ्ठा, भोकं बुजत आलेली.
मी म्हटलं, आमच्याकडचं आहे.
त्याच्याजवळ कंपनीचं होतं, पाकिटात.
ब्लेडनं त्यानं जुनं खरवडलं, फार नीट, फार वेळ.
अंबादास असता तर
ब्लेड कसं धरायचं एवढं तरी बोलला असता.

पैसे मोजून झाले.
ट्रकात चढवताना ड्रायव्हर म्हणाला,
सीटवर काहीतरी जाड टाका, दोरी घासते.
मी घरात गेलो.
चादर हातात घेतली, परत ठेवली,
आणि ज्वारीचं रिकामं पोतं आणून दिलं.